मोतीबिंदू असो की चष्मा घालवणं, डोळ्यांचे डॉक्टर कसे पारखावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ६८ वर्षांची, मधुमेह आहे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितलाय. एका डॉक्टरांनी मल्टिफोकल, म्हणजे दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारी, लेन्स सुचवली, दुसऱ्यांनी साधी पुरेल म्हटलं, तिसऱ्यांनी थांबायला सांगितलं. मुलगी २१ वर्षांची, नंबर उणे ६, तिला लेझर करून चष्मा घालवायचाय. दोघींना एकाच डॉक्टरांकडे न्यावं का, आणि चांगले डॉक्टर ओळखायचे कसे?

ऑपरेशन थिएटरमधलं कौशल्य पेशंटला दिसत नाही. पण ऑपरेशनआधी डोळा किती नीट तपासला आणि काही बिघडलं तर पुढे काय करायचं हे ठरलंय का, या दोन गोष्टी कुणालाही बघता येतात, विचारता येतात. निवड त्यांवरून करा. मशीन कुठल्या कंपनीचं आणि दवाखाना किती चकचकीत, हे नंतर आलं तरी चालेल. नेटवरच्या ताऱ्यांवरून रिसेप्शन कसं आहे आणि किती ताटकळावं लागतं एवढंच कळतं.

आधी कोण काय करतो ते स्पष्ट असू द्या. चष्म्याच्या दुकानात किंवा दवाखान्यात नंबर काढणारे बहुधा ऑप्टोमेट्रिस्ट असतात. नंबर, कॉन्टॅक्ट लेन्स, प्राथमिक तपासणी हे त्यांचं काम, आणि चांगला ऑप्टोमेट्रिस्ट ते डॉक्टरांपेक्षा जास्त वेळ देऊन करतो. आजाराचं निदान, औषधं आणि ऑपरेशन हे नेत्रतज्ज्ञाचं काम. नेत्रतज्ज्ञांतही पुढे कॉर्निया (डोळ्याची पुढची पारदर्शक काच), काचबिंदू, पडदा (डोळ्याच्या मागचा रेटिना), लहान मुलं आणि तिरळेपणा, पापण्या, डोळ्याच्या नसा अशा वाटा फुटतात. मोतीबिंदू बहुतेक सगळेच करतात. लेझरने नंबर घालवायचा तर कॉर्नियाचं विशेष प्रशिक्षण असलेले डॉक्टर बघा, आणि मधुमेहाने पडदा बिघडला असेल तर पडद्याचे. तेव्हा दोघींना एकाच ठिकाणी न्यायलाच हवं असं नाही. मोठ्या रुग्णालयात गेलात तरी दोघींचे डॉक्टर वेगळे असण्याची शक्यता जास्त.

पहिल्या भेटीत काय व्हायला हवं ते सांगते, कारण खरी परीक्षा इथेच होते. प्रत्येक डोळ्याची नजर वेगवेगळी मोजली पाहिजे, चष्म्याशिवाय, चष्म्यासह आणि बारीक छिद्रातून. छिद्रातून नजर सुधारली तर दोष बहुधा नंबरात असतो, नाही सुधारली तर आजार शोधायला हवा. दोन मिनिटांची ही तपासणी घाईच्या दवाखान्यात हमखास गाळली जाते. मग बाहुल्यांवर टॉर्च टाकून बघणं, आणि तेही बाहुली मोठी करणारे थेंब घालण्याआधी. थेंबांनंतर ही तपासणी करता येत नाही. मग डोळ्याचा दाब. साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा हा नेहमीचा पल्ला, पण दाब या पल्ल्यात असूनही काचबिंदू असू शकतो. कॉर्निया पातळ असेल तर मशीन दाब कमी दाखवतं, जाड असेल तर जास्त. मग स्लिट लॅम्पवर, म्हणजे हनुवटी टेकवून बघायच्या सूक्ष्मदर्शकावर, पुढचा भाग, आणि शेवटी थेंब घालून, २० ते ३० मिनिटं थांबून, पडदा. थेंब घातले की पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड खुपतो, म्हणून गाडी चालवत जाऊ नका.

पडदा न बघता कुणी मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख देत असेल तर तिथून उठा. डोळ्यातलं भिंग धूसर आहे म्हणून दिसत नाही, की पडदाच थकलाय म्हणून, हे न ठरवता केलेलं ऑपरेशन तांत्रिकदृष्ट्या उत्तम होऊनही पेशंटला दिसत नाही. मोतीबिंदू फारच दाट असेल आणि पडदा दिसत नसेल, तर सोनोग्राफी करून तो जागेवर आहे का बघतात.

कॉम्प्युटरवर काढलेला नंबर हा अंदाज असतो. त्यावरून पुढे भिंगं बदलत, पेशंटला विचारत नंबर पक्का करायचा असतो. मशीनची चिठ्ठी जशीच्या तशी चष्म्याला लावणारी जागा टाळा. साखर वरखाली होत असताना काढलेला नंबरही टिकत नाही, कारण साखरेबरोबर भिंगातलं पाणी बदलतं. आईच्या बाबतीत हे ध्यानात ठेवा.

आता आईचे तीन सल्ले. ते वाटतात तितके एकमेकांविरुद्ध नसतीलही. थांबायला सांगणाऱ्या डॉक्टरांना कारण विचारा. आईची रोजची कामं अजून नीट होत असतील तर थांबणं योग्यच. मोतीबिंदू ही सहसा तातडीची गोष्ट नसते. पडद्याच्या मध्यावर, म्हणजे मॅक्युलाला, मधुमेहामुळे सूज असेल तर आधी तिच्यावर उपचार हवेत, कारण ऑपरेशननंतर ती वाढू शकते. हेही योग्य कारण. मात्र ‘पिकू द्या’ हे कारण असेल तर ते जुनं झालं. पिकलेलं भिंग कठीण होतं, फोडायला जास्त ऊर्जा लागते, कॉर्नियाच्या आतल्या पेशींना इजा होते. अतिपक्व मोतीबिंदू फुगला किंवा झिरपू लागला तर डोळ्याचा दाब एकदम चढतो. आणि थेंब घालून मोतीबिंदू विरघळतो असं कुणी सांगत असेल तर तसं औषध नाही.

मधुमेह असल्यामुळे आईचा ऑपरेशनआधी मॅक्युलाचा ओसीटी स्कॅन, म्हणजे प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणारा स्कॅन, करून घ्या. बारीक सूज नुसत्या तपासणीत निसटते, स्कॅनमध्ये दिसते. हा स्कॅन ज्या डॉक्टरांनी आपणहून सांगितला, ते माझ्या यादीत वर जातील.

भिंग काढून त्या जागी बसवायच्या कृत्रिम लेन्सचा नंबर कसा काढला जातो हे समजून घेण्यासारखं आहे, कारण ऑपरेशननंतर ‘नंबर चुकला’ अशी जी तक्रार होते तिचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं. डोळ्याची पुढून मागपर्यंतची लांबी आणि कॉर्नियाची गोलाई मोजून, सूत्रात घालून लेन्सची ताकद काढतात. लांबी मोजण्यात १ मिलिमीटरची चूक झाली तर नंबर सुमारे अडीच ते तीन डायॉप्टरने (नंबर मोजायचं एकक) चुकतो. जुन्या पद्धतीत सोनोग्राफीची दांडी कॉर्नियाला टेकवून लांबी मोजतात. दांडी जरा जास्त दाबली गेली की डोळा चपटतो, लांबी कमी येते, लेन्स जास्त ताकदीची बसते आणि पेशंटला नंतर दूरचं धूसर दिसतं. प्रकाशाने मोजणारं मशीन डोळ्याला स्पर्शच करत नाही, म्हणून ही चूक तिथे होत नाही. दाट मोतीबिंदूत मात्र प्रकाश आरपार जात नाही आणि सोनोग्राफीच वापरावी लागते. तेव्हा पाण्याचा कप ठेवून, न दाबता मोजण्याची पद्धत चांगली. दोन डोळ्यांच्या लांबीत ०.३ मिलिमीटरहून जास्त फरक आला तर मोजमाप पुन्हा करायला हवं. तो फरक खरा असेलही, पण पडताळल्याशिवाय पुढे जायचं नाही. मोजमापाचा कागद मागून घ्या, त्यावर दोन्ही डोळ्यांचे आकडे शेजारी शेजारी असतात.

डोळे कोरडे असतील तर गोलाईचे आकडे दर वेळी वेगळे येतात. अशा वेळी कृत्रिम अश्रूंचे थेंब देऊन काही आठवड्यांनी पुन्हा मोजणारे डॉक्टर तुमचा वेळ घालवत नाहीत, तुमचा नंबर वाचवतात. पेशंट कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असेल तर मोजणीआधी मऊ लेन्स किमान एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन ते चार आठवडे बंद ठेवायच्या.

आता साधी की मल्टिफोकल. साध्या, म्हणजे मोनोफोकल लेन्सने एका अंतरावरचं स्वच्छ दिसतं. बहुतेकांना दूरचं स्वच्छ करून देतात आणि वाचायला चष्मा लागतो. पण एक गोष्ट विचारलीच पाहिजे: आई आजवर चष्मा काढून वाचत आलीय का? उणे ३ च्या आसपास नंबर असलेली माणसं तसं वाचतात. त्यांना दूरचा नंबर शून्य करून दिला तर पोथी, तांदूळ निवडणं, सुई ओवणं सगळ्यालाच चष्मा लागतो, आणि ‘ऑपरेशनआधी बरं होतं’ असं त्या मनापासून म्हणतात. त्यांना जवळचं स्वच्छ दिसेल असा नंबर ठेवावा. ऑपरेशननंतर कुठलं अंतर चष्म्याशिवाय हवंय, हे जे डॉक्टर विचारतात ते पेशंटचा विचार करतात.

मल्टिफोकल लेन्स आत येणारा प्रकाश दूरसाठी आणि जवळसाठी वाटून देते. त्याची किंमत म्हणून फिकट रंगांतला फरक कमी कळतो आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. ज्याचा पडदा निरोगी, कॉर्निया नितळ आणि स्वभाव जुळवून घेणारा, त्याला ती छान चालते. मधुमेहाने पडदा आधीच बिघडला असेल, किंवा पुढे बिघडण्याची शक्यता असेल, तिथे आहे तो प्रकाश वाटून टाकण्यात अर्थ नाही. आईसाठी माझा कौल साध्या लेन्सला आहे. आईचा पडदा स्कॅनमध्ये स्वच्छ आला तरी मधुमेह किती वर्षं आहे ते बघून मगच दुसरा विचार करावा.

सिलिंड्रिकल नंबर असेल तर टोरिक, म्हणजे तो नंबरही भरून काढणाऱ्या, लेन्सचा प्रश्न येतो. ती ठरलेल्या अक्षावर बसली पाहिजे. १० अंश फिरली तर साधारण एक तृतीयांश परिणाम जातो, ३० अंश फिरली तर सगळाच. आडवं झोपल्यावर डोळा खोबणीत थोडा वळतो, म्हणून अक्षाची खूण पेशंटला बसवून करायची असते, नाहीतर डिजिटल पद्धतीने जुळवायची असते. खूण कशी करता हे विचारा, उत्तर लगेच यायला हवं. लेन्स कुठली हा निर्णय डॉक्टरांनी समोर बसून समजावला पाहिजे. काउन्सेलरने तक्ता पुढे करून ‘यातली कुठली?’ विचारणं म्हणजे सल्ला नव्हे.

पद्धतीबद्दल थोडक्यात. फेको म्हणजे दोन-अडीच मिलिमीटरच्या छेदातून अल्ट्रासाउंडने भिंग फोडून ओढून घेणं. छोट्या छेदाच्या हाताने करण्याच्या पद्धतीत छेद सुमारे सहा मिलिमीटरचा असतो, टाका तिथेही सहसा लागत नाही, आणि फार कठीण मोतीबिंदूत ती पद्धत डोळ्याला सौम्य पडते. दोन्ही येणारे डॉक्टर मिळाले तर उत्तम. ‘लेझरने मोतीबिंदू’ यात लेझर छेद घेतं, भिंगाभोवतीच्या पिशवीचं तोंड कापतं आणि भिंगाचे तुकडे पाडतं. पुढचं काम फेकोनेच होतं. चांगल्या हातांत दोन्हींच्या निकालात फारसा फरक नसतो, त्यामुळे लेझर आहे एवढ्यावरून डॉक्टर निवडू नका.

आता अवघड प्रश्न, जो विचारायला लोक बिचकतात: ‘तुमच्या हातून पिशवी फाटण्याचं प्रमाण किती?’ भिंग ज्या पिशवीत असतं तिची मागची भिंत काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची असते आणि ती अनुभवी हातांतही शंभरात एक-दोनदा फाटू शकते. आकडा सांगणारे डॉक्टर स्वतःच्या कामाचा हिशेब ठेवतात. ‘आमच्याकडे असं कधीच होत नाही’ म्हणणारे एकतर फार थोडी ऑपरेशनं करतात किंवा मोजत नाहीत. पुढचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: फाटली तर काय करता? पिशवी फाटली की मागचा जेल पुढे येतो. तो कापून साफ करायचं यंत्र त्याच थिएटरमध्ये हवं, आणि पिशवीच्या पुढे बसवता येईल अशी तीन तुकड्यांची पर्यायी लेन्स टेबलाजवळ तयार हवी. नेहमीची एकसंध लेन्स तिथे सरकवली तर ती बुबुळाला, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत भागाला, घासत राहते, दाब वाढतो, आत रक्तही येऊ शकतं. भिंगाचा तुकडा मागे पडद्यावर पडला तर पडद्याच्या सर्जनकडे पाठवावं लागतं. कुणाकडे पाठवता, हे त्यांना माहीत असलं पाहिजे. या गोष्टी नीट ठरलेल्या असतात तिथे गुंतागुंत होऊनही बहुतेकांना चांगलं दिसतं.

जंतुसंसर्गाबद्दलही विचारा. ऑपरेशनआधी डोळ्यात ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन घालून किमान तीन मिनिटं थांबणं आणि शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिक सोडणं, हे संसर्ग टाळण्याचे भक्कम उपाय आहेत. आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधी सांगा.

डॉक्टरांनी विचारायच्या आणि त्यांनी न विचारल्यास तुम्ही सांगायच्या काही गोष्टी आहेत. पुरुषांना प्रोस्टेटसाठी देतात ते टॅम्सुलोसिन घेत असाल किंवा पूर्वी घेतलं असेल तर सांगा. त्याने बुबुळ सैल पडतं, ऑपरेशनमध्ये फडफडतं, बाहुली आकसते. गोळी बंद केल्याने हा धोका पूर्ण जात नाही, पण सर्जनला आधी माहीत असलं तर तो तयारीने उतरतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. थेंबांची भूल देऊन होणाऱ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला त्या सहसा बंद कराव्या लागत नाहीत, आणि बंद केल्याने हृदयाला धोका. ऑपरेशन कोण करणार, तेच की शिकाऊ डॉक्टर, आणि नंतरच्या तपासण्या कोण करणार, हेही विचारा. शिकाऊ डॉक्टर अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली करत असतील तर त्यात वावगं नाही, फक्त ते आधी सांगितलेलं असावं.

आता मुलगी. उणे ६ ला लेझर होऊ शकतं की नाही, हे गणित कागदावर करता येतं. लॅसिक या नेहमीच्या लेझर पद्धतीत कॉर्नियाचा साधारण ११० मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात आणि दर डायॉप्टरला अंदाजे १५ मायक्रॉन कॉर्निया झिजवतात. उणे ६ ला झाले ९०. कॉर्निया ५२० मायक्रॉन जाड असेल तर ५२० वजा २००, उरले ३२०. किमान २५० तरी उरायलाच हवेत, आणि सावध सर्जन ३०० च्या खाली जात नाहीत. तोच कॉर्निया ४८० असेल तर उरतात २८०, आणि एकूण जाडीच्या ४० टक्क्यांहून जास्त भाग कामी आला. अशा डोळ्यावर लॅसिक करू नये. मुलीच्या डॉक्टरांनी हे आकडे तिच्यासमोर मांडले पाहिजेत.

जाडीपेक्षा मोठा धोका आकाराचा. काहींच्या कॉर्नियात शंकूसारखा फुगवटा, म्हणजे केराटोकोनस, सुप्त असतो. चष्म्याने नजर छान असते, कुणाला कल्पना नसते, आणि लेझर केल्यावर कॉर्निया पुढे झुकत जातो. म्हणून कॉर्नियाची पुढची आणि मागची दोन्ही बाजू दाखवणारा टोमोग्राफी नकाशा काढल्याशिवाय लेझर नाही. मुलीला डोळे चोळायची सवय आहे का, घरात कुणाला केराटोकोनस आहे का, हेही विचारलं गेलं पाहिजे. वय १८ च्या पुढे, आणि वर्षभरात नंबर अर्ध्या डायॉप्टरहून जास्त बदललेला नको. जुनी चष्म्याची चिठ्ठी सोबत न्या. गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नंबर हलतो, तेव्हा करू नये. कोरडेपणाची तपासणी हवीच, कारण लेझरनंतर काही महिने कोरडेपणा वाढतो.

पापुद्रा न उचलता करण्याच्या पद्धती आहेत. पृष्ठभागावर करतात त्या पीआरकेत पापुद्र्याची जाडी वाचते, पण पहिले तीन ते पाच दिवस डोळा दुखतो आणि नजर स्थिर व्हायला आठवडे लागतात. स्माइलमध्ये छोट्या छेदातून आतला कॉर्नियाचा तुकडा काढतात. कॉर्निया पातळ असेल तर आयसीएल, म्हणजे नैसर्गिक भिंग तसंच ठेवून त्याच्यापुढे बसवायची लेन्स. तिला डोळ्याच्या पुढच्या कप्प्याची खोली साधारण २.८ मिलिमीटर तरी लागते, आणि नंतर दरवर्षी तपासणी. एकच पद्धत असलेल्या ठिकाणी प्रत्येकाला तीच पद्धत सुचवली जाते, म्हणून या सगळ्या करणाऱ्या किंवा निदान ‘तुम्हाला आमची पद्धत योग्य नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरांकडे जा. मुलीला दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. लेझरने चष्मा जातो, पण डोळ्याची वाढलेली लांबी तशीच राहते, त्यामुळे पडद्याला छिद्र पडण्याचा धोकाही राहतो. पडद्याची तपासणी लेझरआधी हवी आणि नंतरही चालू ठेवायची. आणि वेळ आली की चाळिशी तिलाही लागणारच.

काचबिंदूसाठी मात्र फार लांबचे नामांकित डॉक्टर शोधू नका. तो आयुष्यभराचा आजार, दर काही महिन्यांनी दाब, निदान दर वर्षी फील्ड टेस्ट, म्हणजे बाजूच्या नजरेची तपासणी. जवळचे, तेच तेच डॉक्टर असणं जास्त मोलाचं. लहान मुलांना मुलांच्याच नेत्रतज्ज्ञांकडे न्या. बाहुलीत पांढरी चमक दिसली तर त्याच आठवड्यात. डोळ्यापुढे अचानक खूप काळे ठिपके, विजेसारख्या चमका किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तपासणी होते. पहिल्या आठवड्यात वेदना वाढली, लाली वाढली किंवा नजर कमी झाली, या तीनपैकी काहीही झालं तरी तास मोजायचे, दिवस नाही. त्यासाठी रात्री उचलला जाणारा फोन नंबर डिस्चार्जच्या कागदावर हवा. ऑपरेशनआधीच त्या नंबरवर एकदा फोन करून बघा.

शेवटी कागद. आईच्या लेन्सचं स्टिकर असलेलं कार्ड, मोजमापाचा कागद, ओसीटीची प्रत. मुलीचे लेझरआधीचे कॉर्नियाचे नकाशे आणि जुना नंबर. तिला पुढे कधी मोतीबिंदू झाला तर लेझर झालेल्या कॉर्नियावर नेहमीची सूत्रं कमी ताकदीची लेन्स सुचवतात, आणि तेव्हाच्या डॉक्टरांना हेच आकडे हवे असतील. फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा, आणि लेझर झालंय हे घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी माहीत असू द्या.